३१ मेचा सेंडॉफ

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मे हा सेंडॉफचा दिवस. आमच्या आधीच्या पिढीत घरी जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्याकडे बघून अदमासाने वर्ष ठरवत आणि तारीख १ जून लावून टाकत. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. त्यामुळे ५८ वर्षांनी गुरुजींची ती एक जून पुन्हा हजर होई, आणि एकाच दुपारी तहसीलपासून पंचायत समितीपर्यंत कितीतरी लिपिकांच्या, तलाठ्यांच्या, ग्रामसेवकांच्या गळ्यात हार पडत.

त्या दुपारची तयारी पंधरवडाभर आधी सुरू व्हायची. आधी वर्गणीची यादी फिरे. कुणी दहा रुपये लिही, कुणी पाच, आणि शिपायाने दोन लिहिले तरी त्याचं नाव यादीत साहेबांच्याच रांगेत येई. मग एचएमटीचं घड्याळ आणायचं की स्टीलचा डबा, यावर मधल्या सुट्टीत खल होई. शाल कुठल्या दुकानातून घ्यायची हे अनुभवी मंडळी ठरवत. पण सगळ्यात महत्त्वाचं असे ते मानपत्र. कचेरीत ज्याचं अक्षर मोत्यासारखं, त्याच्या टेबलावरच्या फायली दोन दिवस दुसरा कुणीतरी उचलून नेई. वेलबुट्टीची किनार छापलेला जाड कागद येई, आणि तो माणूस मान खाली घालून टाकाने लिहीत बसे.

मानपत्राचा मजकूर बहुतेक ठरलेला असे. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निगर्वी ही विशेषणं सगळ्यांच्याच वाट्याला येत. पण कुणीतरी जुना सहकारी हट्टाने एखादं खरं वाक्य त्यात घालायला लावी: बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची हजेरी यांनी चोख ठेवली, एकीचीही मजुरी बुडू दिली नाही. ते वाक्य वाचलं जाताना सभा गप्प होई. तीस वर्षं मस्टरवर सही करणाऱ्या माणसाने नेमकं काय केलं, ते त्या एका ओळीत सगळ्यांसमोर मांडलेलं असे. पुढे ते मानपत्र काचेच्या चौकटीत बसून घराच्या भिंतीवर जाई, देवांच्या तसबिरींच्या शेजारी.

आता निरोपाची तारीख कंपनीच्या मेलमध्ये येते. लॅपटॉप परत करायचा, गळ्यातलं कार्ड परत करायचं, एक फॉर्म भरायचा. सहकारी संगणकावरच्या एका कार्डावर आपापलं नाव आणि शुभेच्छा टाकतात, कुणी बंगळुरूहून, कुणी घरून. आमच्या मुलांच्या पस्तिशीपर्यंत तीन-चार नोकऱ्या होतात आणि प्रत्येकीचा शेवट शुक्रवारी संध्याकाळी केक कापून होतो. त्या केकमध्येही माया असते, हे आम्ही पाहिलं आहे. तरी नऊ वर्षांत चौथ्यांदा निरोप घेणाऱ्याच्या वाट्याला बहात्तरच्या दुष्काळासारखं वाक्य यायचं कसं? ते वाक्य सांगायला त्या वर्षी शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस लागतो.

कार्यक्रम संपला की आम्ही निवृत्त माणसाला घरी पोचवायला जात असू. झेंडूच्या माळा बांधलेली खात्याची जीप पुढे, मागून सायकली आणि स्कूटर. घरी दारात ओवाळणी होई, पोहे आणि चहा होई. शेजारीपाजारी गोळा होत, आणि चाळीतल्या कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळे की हे गृहस्थ रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होते. बायकोलाही समारंभात व्यासपीठावर बोलावत, तिची ओटी भरत. तो डबा रोज पहाटे कुणी केला, याची कचेरीला जाणीव होती. आज कंपनीच्या कौतुकात घरचं माणूस क्वचितच दिसतं.

हे सगळं गोड वाटतं, पण गोड वाटतं म्हणून ते पुरेसं होतं असं म्हणायला मन धजत नाही. ओटी भरायची ती सवाष्णीची. त्याच कचेरीत नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागलेली, दोन मुलं वाढवणारी बाई निवृत्त झाली की तिच्या हातात नारळ देऊन बोळवण होई. झाडूवाल्याच्या निवृत्तीला तर कित्येक ठिकाणी यादीच निघत नसे. आणि ज्यांच्यासाठी निघे, त्यांचं कौतुक ५८व्या वर्षी. तोवर कुणी तोंडाने चांगलं काही म्हटलेलं नसे. साहेब वर्षातून एकदा गोपनीय अहवाल लिहीत आणि तो कपाटात बंद होई. शेरा प्रतिकूल असेल तरच तो कळवण्याची पद्धत होती. म्हणजे चांगलं काम करणाऱ्याच्या वाट्याला नोकरीभर शांतता.

त्या शांततेने माणसांचं नुकसानही केलं. सीमा रस्ते खात्यातल्या देवदत्त नावाच्या एका अभियंत्याची बढती हुकली, कारण एका वर्षी त्यांच्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता आणि बढतीसाठी ‘फार चांगला’ लागत होता. तो शेरा त्यांना कुणी कळवलाच नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याच खटल्यात सांगितलं की शेरा कसाही असो, तो कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. आज आमची मुलगी दर तीन महिन्यांनी वरिष्ठांसमोर बसते, काय जमलं आणि काय नाही ते समोरासमोर ऐकते. हे आम्हाला मिळालं असतं तर आम्ही जास्त चांगलं काम केलं असतं, आणि कित्येकांची रात्रीची झोप वाचली असती.

बोनसचीही गोष्ट तशीच आहे. दिवाळीच्या तोंडावर रोखपालाच्या खिडकीशी रांग लागे. महसुली तिकिटावर सही करून पाकीट घ्यायचं, तिथेच बाजूला उभं राहून नोटा मोजायच्या, आणि थेट कापडबाजार गाठायचा. घरात पाकीट आधी देवापुढे ठेवलं जाई, मग आईच्या हातात. आज बोनस फोनवर एका संदेशातून खात्यात येतो आणि त्यातला बराचसा त्याच फोनवरून हप्त्यांत जातो. पाकिटाची आठवण काढून आम्ही हळहळतो, पण ते पाकीट कुणी प्रेमाने हातावर ठेवलं नव्हतं. १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला म्हणून मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२४च्या सुरुवातीला संप केला. तेव्हा मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या समितीने निर्वाळा दिला की बोनसवर कामगारांचा कायद्याने हक्क पोचत नाही. तो हक्क मिळायला १९६५चा कायदा यावा लागला. नंतर किमान प्रमाण ८.३३ टक्के ठरलं, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाची ठिणगीही आधीच्या दिवाळीतल्या बोनसच्या भांडणातून पडली होती. परळ-लालबागच्या ज्या घरांना ऐकू येणारे गिरण्यांचे भोंगे त्यानंतर कायमचे थांबले, त्यांच्यासमोर जुन्या पाकिटाचे गोडवे गाताना जीभ अडखळते.

तरी खंडेनवमी आठवली की मन पुन्हा तिकडेच जातं. त्या दिवशी कारखान्यात लेथ पुसून चकचकीत होई, त्याला झेंडूचा हार, हळदीकुंकू आणि समोर फोडलेला नारळ. पुण्या-नाशकाच्या कारखान्यांत त्या दिवशी घरच्यांना आत येता येई. पोरं बापाच्या यंत्राला भीतभीत हात लावत, आणि ज्याला रोज ‘अहो, इकडे या’ एवढंच ऐकू येई तो बाप फोरमनच्या देखत मुलाला आपला धंदा समजावून सांगे. एसटीच्या आगारात तर चालक स्वतःच्या पैशाने गाडी सजवत. वर्षभर त्याच स्टिअरिंगवर शिव्या खाल्लेल्या असत, तरी सजवत.

आता कौतुकासाठी वेगळी संगणकव्यवस्था आहे. सहकाऱ्याला गुण पाठवायचे, ते साठले की कूपन मिळतं, आणि वेळेत वापरलं नाही तर त्याची मुदत संपते. नोकरीला पाच वर्षं झाल्याची शुभेच्छा पहाटे यंत्रच पाठवतं. तरीही एखादा वरिष्ठ स्वतः चार ओळी लिहितो, त्यात त्या रात्री दोन वाजता बसून दुरुस्त केलेल्या बिघाडाचा नेमका उल्लेख असतो, आणि आमचा मुलगा ती मेल जपून ठेवतो. आमच्या मानपत्रातलं ते एक खरं वाक्य त्याला तिसाव्या वर्षीच मिळालं. त्यासाठी त्याला ५८व्या वर्षापर्यंत थांबावं लागलं नाही.

एका बाबतीत मात्र नवं जग जुन्याहून मागे गेलं आहे, आणि त्याबद्दल आम्हाला खरोखर राग येतो. पूर्वी शिपाई, पहारेकरी, सफाईवाला हे कचेरीचे होते. मान कमी मिळे, पण सर्व्हिस बुक होतं, निवृत्तीची तारीख होती. आता ते ठेकेदाराचे. दहा वर्षं तोच मजला पुसणाऱ्या बाईचा ठेकेदार तीनदा बदलतो आणि दर वेळी तिची नोकरी नव्याने सुरू होते. दिवाळीला सुक्या मेव्याचे डबे मोजून येतात ते कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुरते. खंडेनवमीच्या दिवशी तिच्या बादलीला कुणी हार घालत नाही, आणि तिच्या मुलांना आत सोडायला पास लागतो. एक दिवस ती येत नाही, दुसरीच येते, आणि चार दिवसांनी कुणीतरी विचारतं, आधीच्या मावशी कुठे गेल्या? वर्गणीची यादी काढायला ठेकेदाराची परवानगी लागत नाही. पाच-पन्नास रुपये गोळा करून, तिच्या शेवटच्या दिवशी चहा ठेवून, तिचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलणं आजही त्याच मजल्यावरच्या माणसांच्या हातात आहे. त्यासाठी तिचा शेवटचा दिवस कोणता, हे मात्र तिला आधी विचारावं लागेल.