शरद आणि पानगळ



पानगळ हा मराठी कवितेतल्या शरदाचा विषय नाही. शरद येतो आश्विन-कार्तिकात, पाऊस ओसरल्यावर. पाने गळतात माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात, आणि मध्ये हेमंताचे दोन महिने जातात. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि युरोपात मात्र आश्विन-कार्तिकाच्या सुमारासच झाडे रंग बदलून रिकामी होतात. त्यामुळे वर्षाचे हेच दिवस तिकडच्या कवितेत ओसरत्या आयुष्याचे ठरले आणि संस्कृत-मराठी कवितेत सुटकेचे, प्रवासाचे, चांदण्याचे. या फरकाचे मूळ कवींच्या स्वभावात कमी आणि पाण्यात व उजेडात जास्त आहे.

बॉस्टन सुमारे 42 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वापंधरा तासांचा असतो, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान जेमतेम नऊ तासांचा. पुण्यात हेच आकडे सव्वातेरा आणि अकरा असे आहेत. सहा तासांचा उजेड डोळ्यांदेखत जातो तिथे काळ सरल्याची जाणीव वेगळी शिकवावी लागत नाही. झाडेही तोच संकेत ओळखतात. दिवस आखडू लागले आणि रात्री गारठल्या, की पानातले हरितद्रव्य मोडत जाते आणि त्याखाली आधीपासूनच असलेला पिवळा-नारिंगी रंग वर दिसू लागतो. मेपलचा लाल रंग मात्र लपून बसलेला नसतो. तो त्या दिवसांत पानात नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठवणार नाही इतपतच थंडी पडली, तर तो अधिक खुलतो. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि वाऱ्याच्या झुळकीनेही पान सुटते. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे अशा वेळी पाने सांभाळणे झाडाला परवडत नाही.

सह्याद्रीच्या पूर्वेकडची पानझडी जंगलेही पाण्यासाठीच पाने टाकतात, पण त्यांना थंडीची वाट पाहावी लागत नाही. पाऊस थांबला तरी जमिनीतली ओल काही महिने पुरते. ती आटू लागली की साग उघडा पडत जातो आणि पिंपळाची पाने माघ-फाल्गुनात झडतात. याच दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, तर कुसुंबाला लालभडक पालवी फुटते. गळणे आणि फुलणे असे एकाच महिन्यात, कधी एकाच फांदीवर दिसत असल्यामुळे इथल्या पानगळीला निखळ शोकाचा सूर सहसा लागत नाही. पाठोपाठ चैत्र येतो आणि नवे वर्ष सुरू होते.

आश्विन-कार्तिक हा याच्या अगदी उलट काळ आहे. नद्यांचा गाळ खाली बसतो, आकाश धुऊन निघते, वाटांवरचा चिखल वाळतो. चार महिने अडलेली माणसे निघू शकतात. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडात पाऊस सरेपर्यंत राम थांबतो, आणि शरद आला तरी सुग्रीव हलत नाही म्हणून लक्ष्मण रागाने त्याच्याकडे जातो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूला मोहिमेला बाहेर काढतो तो शरदच, कारण नद्या उतारायोग्य आणि रस्ते कोरडे तोच करतो. अगस्त्याचा तारा उगवला की पाणी निवळते, ही समजूतही तिथे आली आहे. मराठ्यांचे सैन्य दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे, त्यामागे हाच व्यावहारिक हिशेब होता.

‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग ग्रीष्मापासून वसंतापर्यंत जातात आणि तिसरा सर्ग शरदाचा आहे. हे काव्य कालिदासाचे की नाही याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण शरदाचे चित्र पुढच्या परंपरेने तिथूनच उचललेले दिसते: काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांचे वस्त्र नेसलेली, कमळासारख्या मुखाची नववधू. ‘मेघदूता’त याच ऋतूला कथेतले काम मिळते. आषाढात मेघाला निरोप सांगणाऱ्या यक्षाचा शाप कार्तिकात, विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा संपणार आहे, आणि त्याचे पुढचे सगळे बेत शरदातल्या चांदण्या रात्रींसाठी आहेत. युरोपीय कवितेत निरोपाचा ठरलेला हा काळ इथे भेटीची तारीख आहे. या सगळ्या कवींनी आश्विनातले ऊन मात्र जवळजवळ टाळले. आयुर्वेदाने शरदात पित्त खवळते असे स्वच्छ सांगितले. ऑक्टोबर हीट सोसलेल्या माणसाला वैद्यच अधिक खरे वाटतील.

कार्तिकाची जागाही कायमची पक्की नाही. पंचांगातले महिने सूर्याच्या ताऱ्यांमधल्या स्थानावरून ठरतात, ऋतू ठरतात विषुवदिनांवरून. या दोन प्रकारच्या वर्षांच्या लांबीत सुमारे 20 मिनिटांचा फरक आहे आणि त्यामुळे महिना दर 71-72 वर्षांनी ऋतूच्या मानाने एक दिवस पुढे सरकतो. कालिदास चौथ्या-पाचव्या शतकातला धरला, तर तेव्हापासून हे अंतर सुमारे तीन आठवड्यांचे झाले आहे. आजचा कार्तिक त्याच्या कार्तिकापेक्षा हिवाळ्याच्या तेवढा जवळ आहे.

त्याही आधी, वेदांत, आयुष्य शरदांनी मोजले जाई. शंभर शरद जगावे ही प्रार्थना आजही मंगलकार्यात म्हटली जाते. पावसाळ्यातले आजार निभावून, पीक हाती आले की आणखी एक वर्ष पदरात पडले, अशी त्यामागची भावना असावी. इथे शरद आयुष्याच्या जमेच्या बाजूला आहे.

पश्चिमेकडेही सगळे कवी रडत बसले नाहीत. जॉन कीट्सने ‘टू ऑटम’ 19 सप्टेंबर 1819 रोजी विंचेस्टरमध्ये लिहिली. त्या कवितेत पिकलेली फळे, कापणी झालेली शेते आणि संध्याकाळचे आवाज आहेत. गळणारे पान एकही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेलीने फ्लॉरेन्सजवळच्या आर्नोकाठच्या वनराईत ‘ओड टू द वेस्ट विंड’ रचली आणि वाळल्या पानांची झुंड तिच्या केंद्रस्थानी ठेवली, तीही पुढच्या वसंताच्या आशेने. दोन्हींत कीट्सची कविता थोर. फेब्रुवारी 1821 मध्ये तो रोममध्ये वारला तेव्हा 25 वर्षांचा होता. हे माहीत असल्यामुळे वाचकच तिच्यात मृत्यू शोधतात. जपानमध्ये दोन्ही सूर एकत्र नांदतात. तिथे लाल मेपलही शरदाचा आणि चंद्रही. हायकूत नुसता चंद्र आला तरी तो शरदाचाच मानतात. त्यांची चंद्रदर्शनाची पौर्णिमा बहुतेक वर्षी कोजागरीच्या महिनाभर आधी येते.

मराठीत शरदाचे चांदणे 1290 पासूनचे आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, शरदातल्या चंद्रकिरणांमधले अमृतकण चकोराची पिले ज्या हळुवारपणे टिपतात, तशा मनाने ही कथा ऐकावी, असे श्रोत्यांना सांगितले आहे. काळ सरण्याची खंत मराठी कवीला मांडायची असली, तर तो शिशिराकडे वळतो. बा. सी. मर्ढेकरांच्या 1939 मधल्या पहिल्या संग्रहाचे नावच ‘शिशिरागम’ आहे, आणि त्यात झाडावरून उतरणारे एकेक पान मनाच्या उदासीशी जोडलेले आहे. मर्ढेकर लंडनला राहून आले होते, तरी पानगळ त्यांनी शरदात नेली नाही.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (1956) या पुस्तकात बारा महिन्यांवर लेख आहेत. आश्विन आणि माघ हे दोन लेख लागोपाठ वाचावेत. शरद आणि शिशिर यांतले अंतर त्यातून नीट कळते. ‘मेघदूता’चे कुसुमाग्रज आणि शान्ता शेळके या दोघांचेही मराठी अनुवाद आहेत. शापाच्या शेवटाचा भाग उत्तरमेघात, अखेरीकडे मिळेल.