नाताळची गव्हाण

निपाणी आणि इचलकरंजी यांच्या दरम्यान बोरगाव आहे. डिसेंबरात इकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि उसाने भरलेल्या गाड्या रस्ता अडवून चाललेल्या असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, तरी शेताशिवारातले शब्द बदलले नाहीत. नाताळच्या सजावटीचा विचार आम्ही या गावाच्या निमित्ताने करीत आहोत, तो या शब्दांसाठीच.

नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि हा सणही या भागास परका नाही. बेळगावात लंडन मिशन १८२० साली आले. कोल्हापुरास रॉयल वाइल्डर १८५२ साली आले. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली झाला. येथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला करंज्या आणि चकल्या असतात, हे वाचकांस सांगावयास नको.

सजावटीचा गाभा म्हणजे येशुजन्माचा गोठा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी खरा बैल, खरे गाढव आणि गवत आणून हा देखावा प्रथम मांडला. म्हणजे मुळात तो शेतकऱ्याच्या दाराशीच उभा राहिला. बोरगावसारख्या गावात त्यासाठी दुकानात जाण्याचे कारण नाही. छपराला उसाचे पाचट, भिंतींना ज्वारीचा कडबा, भुईला काळी माती. ज्येष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला कुंभाराकडून आणलेले मातीचे बैल जपून ठेवलेले असले, तर तेही गोठ्यात उभे राहतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आठदहा दिवस आधी नाचणी किंवा गहू पेरतात. आपल्या घटस्थापनेची आणि दिवाळीच्या किल्ल्यावरील अळिवाची आठवण कोणास होणार नाही? दारावरची चांदणीही आकाशकंदिलाचीच बहीण. त्याच बांबूच्या कामट्या, तीच खळ, तोच पतंगाचा कागद. फक्त कोन पाच.

मराठी बायबलात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचे लिहिले आहे. बोरगावच्या मुलाला गव्हाण म्हणजे काय हे विचारावे लागत नाही. बैल तिच्यात वैरण खातात, आणि कारखान्याचा हंगाम सुरू होतो तोही गव्हाणीत उसाची मोळी टाकूनच. बंगळूर, बडोदे किंवा इंदूर येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना मात्र हा शब्द कोशात शोधावा लागतो. बाजारातून आणलेले प्लास्टिकचे झाड आणि कापसाचा बर्फ घर उजळवितात, यात शंका नाही. पण त्यांच्यासोबत एकही मराठी शब्द घरात येत नाही. कामटी, खळ, कडबा, पाचट, गव्हाण हे शब्द हात कामाला लागले तरच तोंडी येतात.

म्हणून आमची वाचक भगिनींना सूचना आहे. घर कोणत्याही धर्माचे असो, शेजारच्या ख्रिस्ती घरी गोठा मांडला जात असेल, तर मुलांना मदतीस पाठवावे. आपल्याच घरी नाताळ असेल, तर निदान गोठा तरी हातांनी करावा. २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात आणि मग तिच्यात बाळ निजवितात. तीन मागी ६ जानेवारीस पोहोचतात. तेवढ्या दिवसांत पेरलेला गहू वीतभर वाढतो, आणि मुले ते सारे शब्द आपणहून बोलू लागतात.