माडीवरची खोली आणि दोन कर्णे



मागच्या दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी माझ्या परिग्रह-परिमाणात एक छोटी भर घातली होती. घरात एक मोठी वस्तू आली, की एक मोठी वस्तू घराबाहेर गेली पाहिजे. नेम घेताना वाटलं होतं, आता या वयात मोठं असं काय यायचं राहिलंय? लेकीचं लग्न झालं, माडीवरची तिची खोली रिकामी झाली. आणि दिवाळीनंतर एका संध्याकाळी हे म्हणाले, "त्या खोलीत निवांत गाणं ऐकत बसायचंय मला. तिथे कर्णे लावायचेत."

मला हसूच आलं. कर्णा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर माहेरचं इंदापूर उभं राहतं. जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा, दुपारभर त्याची गाडी गल्लीबोळांतून फिरायची आणि तिच्या टपावर दोन कर्णे कोकलत असायचे. ते घरात आणायचे? यांनी समजावलं, "ते नव्हेत गं. थिएटरात पडद्यामागे असायचे ते. इंदापूर तालुक्यातलं एक जुनं थिएटर बंद आहे, तिथली जोडी विकायची आहे."

मग एका रविवारी सकाळी आम्ही बारामतीहून निघालो. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी, दोन्ही बाजूंना ऊस. थिएटरात अंधार आणि धूळ. मला ठाऊक नव्हतं, पण सिनेमाच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, मागचा आवाज पुढे यावा म्हणून. त्या पडद्यामागे दोन लाकडी पेट्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि त्यांच्यावर पत्र्याचे रुंद तोंडाचे कर्णे.

हे रंगात येऊन सांगायला लागले. आपल्याकडे 'आलम आरा' आला १४ मार्च १९३१ला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये. तेव्हाचे ॲम्प्लिफायर जेमतेम काही वॉटचे, आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायला हवा. मग थोड्या विजेत मोठा आवाज कसा काढायचा? तर कर्णा लावून. अमेरिकेतल्या आल्टेक लान्सिंगने १९४५मध्ये 'व्हॉइस ऑफ द थिएटर' नावाचे स्पीकर काढले, तेही याच घराण्यातले. शौकीन मंडळी आज ते दिवाणखान्यात लावतात.

मी डाव्या कर्ण्यात डोकावले. आत पारव्याचं घरटं, दोन अंडी. राखणदार म्हणाला, "थांबा ताई, काढून टाकतो." आम्ही दोघं एकदमच "नको" म्हणालो आणि तसेच परत फिरलो. त्या दिवशी कर्ण्याची निवड लांबली ती त्या पारव्यामुळे, आणि बरंच झालं. घाईने घेतले असते तर चुकले असते.

त्या मधल्या दिवसांत मी यांच्याकडून सगळं समजून घेतलं. तुम्हालाही सांगते, कारण घरोघरी असा एखादा शौकीन असतोच. स्पीकरचा कागदी पडदा हवेला ढकलतो, पण हवा हलकी, ती बाजूला निसटते आणि मेहनत वाया जाते. साध्या घरगुती स्पीकरला दिलेल्या १०० भाग विजेतला जेमतेम १ भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवेला निसटायला जागा नसते. ती हळूहळू रुंद होत बाहेर पडते, म्हणून चांगल्या कर्ण्यात १० किंवा जास्त भागही आवाज होऊ शकतो. शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो ना, तेच हे. त्यामुळे साध्या स्पीकरला जिथे २० वॉट लागतात, तिथे कर्ण्याला एखादा वॉट पुरतो.

हे ऐकून माझं मन थोडं वळलं. थोड्यात भागणारी वस्तू आपल्याला जवळची वाटतेच. पण दुसरी बाजूही होती. वीज वाचते, जागा जाते. खर्जाच्या स्वरांच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटरची. तिला सांभाळायला कर्णाही तसाच मोठा लागतो. म्हणून पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरने १९४०च्या दशकात कोपऱ्यात बसणारा कर्णा काढला. त्यात खोलीच्या भिंतीच कर्ण्याचं पुढचं तोंड होतात. पुण्यात यांच्या मित्राकडे ती जोडी आहे, ती ऐकून हे भारावून आले. पण तिला दोन मोकळे कोपरे लागतात. आमच्या माडीवरच्या खोलीत एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात शास्त्रांचं कपाट. कपाट हलवायला मी तयार नव्हते.

थिएटरच्या जोडीचं मोजमाप मी टेपने केलं. खोली १२ बाय १४ फूट. पेटी अडीच फूट रुंद आणि दोन फूट खोल. एवढ्या जवळून ऐकलं तर वरच्या कर्ण्याचा आवाज वेगळा आणि खालच्या पेटीचा वेगळा येतो, दोन्ही एकजीव व्हायला अंतर लागतं. वरणात फोडणी वेगळी तरंगावी तसं. शिवाय माझे आपले प्रश्न होतेच. जुन्या काही स्पीकरच्या कागदाला कडेने कातडं लावलेलं असतं, आणि जुन्या सुतारकामात सांध्यांना सरस. सरस कशापासून करतात हे तुम्हाला सांगायला नको. यांनी आधी कपाळाला हात लावला, पण मग स्वतःच टॉर्च घेऊन तपासलं. त्या जोडीला कातड्याची कड निघाली. विषय संपला.

हे दोन दिवस गप्प होते. मलाही वाईट वाटलं. आयुष्यभर दुकान आणि घर केलेल्या माणसाने एक हौस मांडली आणि मी तिला नियमांच्या चाळणीतून काढत बसले. उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नाही केली, मूर्च्छेवर केली आहे. मग मनात आलं, मूर्च्छा फक्त यांच्या कर्ण्यांचीच का? माझ्या नेमाची मला जी ऐट वाटत होती, ती कोणत्या खात्यात मांडायची?

यातून वाट काढली ती आमच्या दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी. तीही नकळत.

दादा ८१ वर्षांचे. गेली काही वर्षं ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण त्यात भांड्यांचा आवाजही ढणढणतो म्हणून ते बहुतेक वेळ खणातच. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारच्या वहिनी एकदा संकोचून सांगायला आल्या. मंदिरात प्रवचनाला जाणं त्यांनी सोडलं. जातात, दर्शन घेतात, मागे बसून माळ ओढतात आणि प्रवचन सुरू झालं की उठून येतात. विचारलं तर म्हणतात, "गुणगुण ऐकू येते, शब्द नाही." घरातल्या बोलण्यातूनही ते असेच हळूहळू उठून गेले होते. ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

श्रावणात हे बारामतीतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे निघाले होते. घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दादांनाही सोबत नेलं. त्याच्याकडे एका नाट्यगृहातून निघालेली १९७०च्या दशकातली जोडी आली होती. गुडघ्याच्या थोड्या वर येणाऱ्या पेट्या, त्यात १२ इंची कागदी स्पीकर आणि वर वीतभर तोंडाचा छोटा कर्णा. कडा कापडाच्या, सांधे स्क्रूचे. मेकॅनिकने आकाशवाणीच्या बातम्या लावल्या, अगदी हळू. आम्ही दोघं पेटीच्या मागे वाकून तारा बघत होतो. स्टुलावर बसलेले दादा एकदम म्हणाले, "उजनी भरली म्हणतोय."

आम्ही दोघंही तसेच उभे राहिलो. बातमीत खरंच उजनीचं नाव होतं.

मेकॅनिकने कारण सांगितलं. वय झालं की आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, त, क ही व्यंजनं तिथेच असतात. स्वर कळतात, व्यंजनं हरवतात, म्हणून गुणगुण. त्यात साधा स्पीकर आवाज चहूकडे फेकतो, भिंती आणि फरशी तो परत फेकतात, आणि शब्दावर शब्द चढतो. कर्णा आवाज समोरच्या माणसाकडे नेतो, भिंतींकडे कमी. शब्द कोरा पोचतो. मैत्रिणींनो, हा कानाचा इलाज नव्हे. तपासणी आणि यंत्र याला पर्याय नाही, आणि दादांचं यंत्रही आम्ही पुन्हा नीट बसवून घेतलं. पण घरात ऐकण्याची सोय म्हणून याचा उपयोग आहे.

परत येताना हे गाडीत एवढंच म्हणाले, "हीच घेऊ." थिएटरच्या जोडीचं नाव पुन्हा निघालं नाही.

जुनी जोडी घेणार असाल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल. मल्टिमीटरने प्रत्येक स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर आतली कॉइल तुटलेली. कागदी पडदा बोटांनी हलकेच दाबा, खरखर आली तर सोडून द्या. आतले कंडेन्सर जुने झालेले असतात, ते बदलण्याचा खर्च धरा. कर्ण्यामागच्या यंत्रातला पातळ पडदा आज मिळतो का, हे आधीच विचारा. आणि ऐकून बघताना हळू आवाजातच ऐका. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर छान वाटतात. आम्ही तीन गोष्टी ऐकल्या: आईने फोनवर म्हणून पाठवलेलं भक्तामर, तानपुरा, आणि तबल्याचा डग्गा. ओळखीच्या माणसाचा आवाज ओळखीचा वाटला, तर स्पीकर खरा.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा मोह यांना होता, ८ वॉटचा. पण तो दिव्यासारखा तापतो आणि उजळतो, रात्री पाखरं येतात. ते नको म्हटलं, घरात होता तोच चालवला. कर्ण्याच्या तोंडाला मी मलमलीचं एकेरी कापड बांधलं. पाणी गाळायला आपण दुहेरी धरतो, इथे एकेरीच, कारण फुंकर आरपार गेली पाहिजे, तरच आवाज जातो. आता आत कोळी नाही, कुंभारमाशी नाही. फरशीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीला दोन गोधड्या. रात्री ९ नंतर बंद, हा आमच्या घरचा कायदा. सरकारी नियमात उघड्यावरच्या लाऊडस्पीकरला १०पर्यंत मुभा आहे, तरी शेजारधर्म म्हणून आपण आधीच थांबावं.

आणि घराबाहेर काय गेलं? दिवाणखान्यातलं काचेचं शोकेस. यांनीच सुचवलं.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेला आचार्य श्री शांतिसागर महाराजांची पुण्यतिथी. १९५५ साली कुंथलगिरीवर महाराजांची सल्लेखना चालू होती, तेव्हा दादा ११ वर्षांचे होते. वडिलांबरोबर गेले होते. गर्दीत वडिलांनी खांद्यावर घेतलं, म्हणून लांबून दर्शन झालं. "दिसले," असं दादा नेहमी सांगतात, "पण शब्द कानावर आला नाही." सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, महाराजांनी मराठीत अखेरचा उपदेश केला, आणि तो तेव्हा टेपवर घेतला गेला. सुमारे वीस-बावीस मिनिटांचा आहे. आम्ही दादांना तो फोनवर कितीदा तरी ऐकवला होता. दर वेळी ते मान हलवायचे, पण त्यांना कळत नाही हे आम्हाला कळायचं.

या वर्षी द्वितीयेला, सूर्यास्ताआधीचं जेवण उरकून, आम्ही तिघं माडीवर बसलो. टेप जुनी, खरखर आहे. यांनी सवयीने आवाज वाढवून ठेवला होता. महाराजांचा थकलेला, सावकाश आवाज सुरू झाला. रोज थोडा वेळ तरी आत्मचिंतन करा, संयमाला भिऊ नका, असं त्यात आहे. दादा हात जोडून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी एक हात सोडला आणि यांच्याकडे बघून खाली, खाली, अशी खूण केली. आम्हाला कळेना.

"अरे, आवाज कमी कर," दादा म्हणाले. "येतंय ऐकू."

हे उठले आणि बटण थोडं मागे फिरवलं.

तीन दिवसांनी पर्व सुरू झालं. दादांनी मंदिरातल्या प्रवचनाला पुढच्या रांगेत खुर्ची मागून घेतली, यंत्र कानात घालून. सगळं कळतं असं नाही. घरी आल्यावर जे निसटलं ते मला विचारतात. मग मलाही लक्ष देऊन ऐकावं लागतं.

तुमच्या घरात कुणी असं बोलण्यातून हळूहळू उठून जात असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसून, हळू आवाजात बोलून बघा.

जय जिनेंद्र.