उरलेल्याचा रकाना

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आईंना न्यूमोनियामुळे रुग्णालयात ठेवावे लागले. आम्ही दोघे नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. तासिका आटोपल्या की आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसत असू. ताप, नाडी, रक्तदाब यांची नोंद वेळच्या वेळी होई. पोळी-भाजीचे ताटही वेळेवर येई आणि बव्हंशी तसेच परत जाई. डॉक्टरांनी विचारले की आम्ही ‘थोडेथोडे खातात’ असे सांगत असू. ते अगदी खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

सहाव्या दिवशी दुपारपाळीला एक नव्या सिस्टर आल्या. संध्याकाळचे ताट उचलले जाण्याआधी त्यांनी त्यात किती उरले आहे ते पाहिले आणि विचारले, ‘‘आजींचे दात कुठे आहेत?’’ कवळी आमच्याच पिशवीत, डबीत होती. दाखल करताना आम्हीच ती काढून ठेवली होती. ‘मुलांना आणखी त्रास नको’ म्हणून आई काही बोलल्या नव्हत्या. सिस्टरांनी मग खाटेजवळ बसून काय खावेसे वाटते ते विचारले. त्या रात्री आईंनी दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली.

या सिस्टर पूर्वी सातपुड्यातील एका पोषण पुनर्वसन केंद्रात होत्या. धडगाव, अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांतील कुपोषण ही 1998 साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची जुनी व्यथा आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, की ते अतितीव्र कुपोषित मानले जाते. अशा बालकाला केंद्रात एकदम पोटभर भरवत नाहीत, कारण उपासाने खंगलेल्या शरीराला अन्नाचा आकस्मिक भार जिवावर बेतू शकतो. प्रथम ‘एफ-75’ हे दूध, 100 मिलिलिटरमध्ये 75 उष्मांकांचे, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडेथोडे देतात. प्रत्येक वेळी दिले किती, वाटीत उरले किती, उलटून पडले किती, हे तक्त्यात लिहायचे आणि चोवीस तासांची बेरीज मांडायची. ‘‘उरलेले लिहायची सवय लागली, की ताट नुसते उचलवत नाही,’’ असे त्या सहज म्हणाल्या.

आहारशास्त्र परिचारिकांना पहिल्याच वर्षी शिकवले जाते. तेव्हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. एका पाळीत अनेक खाटा सांभाळणाऱ्या बाईंना औषध चुकले तर जाब द्यावा लागतो, जेवण मात्र नातेवाइकांचे खाते समजले जाते. नातेवाईक ते सिस्टरांचे समजतात. या दोन समजुतींच्या मधोमध रुग्ण उपाशी राहतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये रुग्णाच्या खाण्याला दोन स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. न खाल्लेले अन्न रुग्णाच्या शेजारी पुढच्या जेवणापर्यंत पडू देऊ नये, असे तिने 1859च्या सुमारास बजावले होते. समोर अन्न असूनही केवळ लक्ष न दिल्याने रुग्णांची उपासमार होते, ही तिची तक्रार आमच्या खाटेपाशीही तंतोतंत खरी ठरली होती.

‘शुश्रूषा’ या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही वर्गात कित्येकदा सांगितली आहे. तो ‘श्रु’ धातूपासून आला. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ, सेवा हा अर्थ मागाहून जडला. शब्द आम्हांला ठाऊक होता. पण सहा दिवस आईंच्या न बोलण्याकडे आमचे लक्ष गेले नव्हते. ज्यांनी आमची व्युत्पत्ती कधी ऐकली नसेल, त्या सिस्टरांनी ते न बोललेले ताटातल्या उरलेल्या पोळीवरून ओळखले.

आई घरी आल्या. स्वयंपाकघरात आता एक वही टांगलेली असते. वाढलेल्याच्या शेजारी उरलेल्याचा रकाना आहे. परवा तिकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘‘परीक्षेचे पेपर तपासता की माझे ताट?’’ आम्ही हसलो, आणि त्या दिवशीची नोंद करून ठेवली.