वरणफळे

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. बोरिवलीत जरा गारठा पडला, की आई त्या थंडीची आठवण काढी आणि रात्री वरणफळे करी. कुणाकडे त्यांनाच चकोल्या म्हणतात. आमचे विद्यार्थी 'देशी पास्ता' म्हणतात. चिंचगुळाचे, गोडा मसाला घातलेले पातळ वरण उकळले, की त्यात कणकेचे शंकरपाळ्यांसारखे काप एकेक करून सोडायचे. एकदम टाकले तर गोळा होतो. वर तुपाची धार. आम्ही ती मेजवानी समजत आलो. परवा तासांवरून थकून परतलो, पोळ्या लाटण्याचे त्राण नव्हते, म्हणून वरणफळे केली. तेव्हा कळले, थंडीचे निमित्त होते. आई दमलेली असे. हे तिला सांगायचे राहून गेले.