कार्ल्याची नोंदवही

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही लोणावळ्यास एका जुन्या हॉटेलांत उतरलों. व्यवस्थापकांनीं प्रथम पुढें केली ती नोंदवही: नांव, गांव, येण्याचें कारण. खोली ओलसर होती. आम्ही रात्रभर कुरकुरत होतों.

दुसरे दिवशीं कार्ल्याचा डोंगर चढलों. वाचकहो, ‘लेणें’ हा शब्द ‘लयन’ ह्यापासून आला, आणि लयन म्हणजे राहण्याची जागा! कोंकणांतून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी वाटेवरील हें विश्रामस्थानच. सुमारें १,९०० वर्षांपूर्वीं नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें येथें पावसाळा काढणाऱ्या, चारही दिशांच्या भिक्षूंच्या निर्वाहासाठीं करजिक गांव दिला, असें शिलालेख सांगतो.

चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब. त्याच्या खांबांवर दात्यांचीं नांवें व गांवें आहेत; ‘धेनुकाकटाचा यवन’ तर पुनःपुन्हां भेटतो. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं १८८१ सालीं हे लेख प्रसिद्ध केले, आणि या वाटेवर कोण कोठून येई हें इतिहासास कळलें. आमच्या हॉटेलाची वही इतकी टिकणार नाहीं खास. धेनुकाकट कोठें, ह्याविषयीं मात्र पंडितांत अद्यापि एकमत नाहीं.

आमच्यापैकीं एकाजवळ खिळा होता. भिक्षूंच्या कोठडीच्या भिंतीवर त्यानें आपल्या नांवाचीं तीन अक्षरें ओढलीं. आम्ही पाहत होतों, कोणीं हटकलें नाहीं. त्या यवनानें खांब देऊन नांव कोरविलें होतें. आम्हीं काय दिलें होतें? रुमाल ओला करून पुष्कळ घासलें. ओरखडा गेला नाहीं.

हॉटेल सोडतांना वही पुन्हां पुढें आली. तींत ‘शेरा’ असा एक रकाना होता. तो आम्हीं कोराच ठेविला.