न सांगितलेली बातमी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसतिगृहातील सहावीच्या एका मुलाची आई वारली. निरोप माझ्याकडे आला. मी त्याला एवढेच म्हणालो, "आईला जरा बरे नाही. मामा न्यायला आले आहेत." एस. टी. सुटेपर्यंत तो मला परीक्षेच्या तारखा विचारीत होता! महिन्याने तो परतला. पण माझ्याशी बोलेनासा झाला.

त्याची ती गप्प नजर मला पुन्हा आठवली, ती इजिप्तच्या गमाल अब्देल नासर यांचे चरित्र वाचताना. नासर यांचा जन्म १९१८ साली अलेक्झांड्रियात झाला. वडील टपालखात्यात कारकून. मुलाला शिकायला कैरोत काकांकडे ठेवले होते. तो आईला पत्रे लिही. तिची उत्तरे येत. १९२६ साली ती उत्तरे थांबली. सुट्टीत मुलगा घरी गेला तेव्हा त्याला कळले, आई केव्हाच गेली. टपालखात्यातल्या माणसाच्या घरून तेवढे एक पत्र मात्र गेले नव्हते!

हा मुलगा पुढे लष्करात अधिकारी झाला. २३ जुलै १९५२ रोजी त्याने व त्याच्या साथीदारांनी सत्ता हाती घेतली. तीन दिवसांत राजा फारूक देश सोडून गेला. जमीनदारांच्या जमिनीला २०० फेद्दानांची, म्हणजे सुमारे २०८ एकरांची, मर्यादा आली. २६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी सुएझ कालवा राष्ट्राचा केला, तेव्हा अरब जगाला वाटले, आपली मान प्रथमच ताठ झाली.

पण त्याच राजवटीत राजकीय पक्ष बंद झाले, विरोधक तुरुंगात गेले आणि १९६० साली वृत्तपत्रेही सरकारच्या मुठीत आली. मग खरे सांगायचे कोणी? ५ जून १९६७ च्या सकाळी इस्रायलने इजिप्तची बहुतेक लढाऊ विमाने जमिनीवरच जाळली. कैरोचा रेडिओ मात्र शत्रूची विमाने पाडल्याच्या बातम्या देत होता. लोक आनंदाने नाचत होते! ९ जूनला नासर यांनी दूरचित्रवाणीवर पराभवाची जबाबदारी घेऊन राजीनामा जाहीर केला. लोक रडत रस्त्यावर आले. 'जाऊ नका' म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो मागे घेतला. २८ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते हृदयविकाराने गेले, तेव्हाही लाखो माणसे रडली.

बालपणीच्या दुःखावरून राज्यकारभाराचा अर्थ लावणे पोरकटपणाचे, हे मला कळते. तरी मनात येते, बातमी लपवली गेल्याचा घाव ज्याने सोसला, त्याच्याच राज्यात एका अख्ख्या देशापासून बातमी लपावी! लपवणारा म्हणतो, समोरच्याला त्रास नको. खरे म्हणजे त्याला स्वतःला ते सांगणे नको असते. मी तरी दुसरे काय केले होते?

त्या वर्षी दिवाळीत तो मुलगा घरी गेला नाही. मी त्याला फराळाला बोलावले. चकली मोडता मोडता त्याने खाली मान घालूनच विचारले, "सर, तुम्हांला तेव्हा ठाऊक होते ना?"

"होते," मी म्हणालो. "माझ्याने सांगवले नाही. चुकलेच माझे."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने ताट पुढे केले आणि आणखी एक चकली मागितली.